कोरं तेल

प्रयोगशाळेत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे अंधारबाई म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर म्हणत. तिची त्याला हरकत नव्हती, कारण ते नाव तिनं स्वतः कमावलं होतं. तिच्या खोलीच्या खिडक्यांना काळे जाड पडदे, आत दोन मिणमिणते पिवळे दिवे, आणि आलेल्या माणसानं चाचपडत खुर्ची शोधायची. एखादी नवी मुलगी सवयीनं पांढऱ्या दिव्याचं बटण दाबायची, की झालंच तिचं. "अगं, दुकान मांडलंय का इथं? बंद कर आधी," हे खालच्या मजल्यावर उंदरांच्या पिंजऱ्यांपर्यंत ऐकू जाई.

बाई उगाच तापट होती असं नाही. म्हणजे तापट होतीच, पण या बाबतीत तिचं बरोबर होतं. ज्याच्यामागे तिनं उभं आयुष्य घातलं ते जीवनसत्त्व के उजेडात टिकत नाही. तेलातून काढा, उंदराच्या यकृतातून काढा, पांढऱ्या दिव्याखाली ते बघता बघता नासतं आणि दिवसभराची मेहनत पाण्यात जाते. अंधारात काम करायचं वळण तिला बापाकडूनच मिळालं होतं. बाप फोटोग्राफर. लहानपणी त्याच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली स्टुलावर बसून तिनं कागदावर चेहरे उमटताना पाहिले होते. हात न हलवता गप्प बसायला ती तिथंच शिकली. तोंड बंद ठेवायला मात्र शिकली नाही.

आता हे जीवनसत्त्व करतं काय? बोट कापलं की थोड्या वेळानं रक्त आपसूक थांबतं, त्या कामाला ते लागतं. पालेभाज्यांत असतं आणि काही तेलांत असतं. कोणत्या तेलात किती, तळल्यावर किती उरतं, शरीर त्यातलं किती उचलतं, हे मोजण्यात अंधारबाईचे केस पांढरे झाले. शरीराकडे याचा साठा फार नसतो, म्हणून यकृत ते एकदा वापरलं की ताजं करून घेतं आणि पुन्हा वापरतं. "अगदी आमच्या वहिनीसारखं," ती व्याख्यानात सांगायची. "वहिनी एक कापड कधी फेकत नाही. आधी चादर, मग पिशवी, मग पुसणं." पोरं हसायची. बाई हसायची नाही, कारण तिच्या मते हा विनोद नव्हता, हे स्पष्टीकरण होतं.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. घरात चौघं: वडील, दादा, वहिनी आणि वरच्या खोलीत अंधारबाई. तिनं लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दादा विमा कंपनीत. गाडी ठोकली, गोदाम जळलं, की चूक कुणाची ते शोधून काढायचं हे त्याचं काम. घरी आल्यावरही तो ते सोडत नसे. दुधाचं पातेलं करपलं तरी तो साक्षीपुरावे घ्यायचा. वहिनी मात्र बोलघेवडी, हसरी बाई. नणंदेला ती जुन्या पद्धतीनं ‘वन्सं’ म्हणायची, आणि तेही मुद्दाम, चिडवायला. "वन्सं, उंदरांचं जेवण झालं असेल तर माणसांत या," अशी तिची हाक जिन्यावरून वर यायची. दोघींचं बरं जमायचं. अंधारबाईला हसवू शकणारं जगात एकच माणूस होतं आणि ते खालच्या स्वयंपाकघरात होतं.

वडिलांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना रोज घ्यावी लागे. ही गोळी काय करते, तर यकृत जीवनसत्त्व के ताजं करून घेतं ना, नेमकं तेच अडवते. म्हणजे गोळी एकीकडे ओढणार, जेवणातलं के दुसरीकडे. दोन्ही बाजूंचा जोर सारखा राहिला तर माणूस सुखात असतो. आणि जगात हे ज्या मोजक्या लोकांना पुरतं कळतं त्यांतलीच एक या घरात, वरच्या खोलीत राहत होती. दादा चारचौघांत अभिमानानं सांगायचा, "बाबांची काळजी नाही. घरचीच तज्ज्ञ आहे."

तज्ज्ञ बाईनं घरात कायदाच केला होता. पालेभाजी वडिलांच्या ताटात जवळजवळ बंद. आज पालक आणि उद्या काही नाही, असला धरसोडपणा चालणार नाही. तेल सोयाबीनचंच, त्याच दुकानातलं. एकदा वहिनीनं प्रेमानं सासऱ्यांना पालकाचं सूप दिलं, तर नणंदेनं तोंडाचा असा काही पट्टा सोडला की वहिनी दोन दिवस गाल फुगवून होती. पण पुढं तिनं तो कायदा नणंदेपेक्षा कडक पाळला. संध्याकाळी दिवे लागले की ती गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन सासऱ्यांपुढे उभी राहायची, ती गिळेपर्यंत हलायची नाही. रक्ताची तपासणी वर्षानुवर्षं इतकी सरळ येत गेली की डॉक्टरांनीच म्हटलं, दर महिन्याला कशाला येता, तीन महिन्यांनी या.

इथं प्रयोगशाळेतली एक रीत सांगायला हवी. उंदरांना द्यायचं तेल बाजारातलं चालत नाही, कारण त्यात आधीच किती के आहे याचा भरवसा नसतो. म्हणून ते कोळशाच्या आणि खास मातीच्या थरांतून गाळून त्यातली सगळी जीवनसत्त्वं काढून टाकायची. उरतं ते पाण्यासारखं बिनरंगाचं, बिनवासाचं तेल. त्याला सगळे कोरं तेल म्हणत. मग त्यात मोजून के मिसळायचं, कुणाला कमी, कुणाला जास्त. अभ्यास संपला की उरलेलं, न मिसळलेलं कोरं तेल टाकून द्यायला जिवावर येई. चांगलं खायचं तेल, एवढ्या कष्टानं गाळलेलं. म्हणून ते वाटून घ्यायची पद्धत पडली होती. कुणी तळायला नेई, कुणी दाराच्या बिजागऱ्यांना घाली. धडधाकट माणसाला त्यानं काही होत नाही, तो इतर पन्नास गोष्टी खात असतो.

अंधारबाईनं आजवर कधी नेलं नव्हतं. यंदा मात्र कोठी रिकामी करायची होती आणि पिंजरेवाल्यानं दोन डबे तिच्या गाडीत ठेवूनच दिले. तिनं ते आणून वहिनीच्या ओट्यावर ठेवले. "घ्या. एवढं शुद्ध तेल राजालाही मिळालं नसेल."

वहिनीनं बोट बुडवून चाखलं. "वन्सं, याला कसली चवच नाही हो. तुमच्यावर गेलंय."

दोघी हसल्या. आणि ते तेल घरात वापरात आलं.

तुम्ही म्हणाल, जिला सगळं ठाऊक तिच्या लक्षात कसं आलं नाही? हेच तर आहे. वर्षानुवर्षं तिच्या लेखी कोरं म्हणजे शून्य. सगळी मापं तिथून सुरू व्हायची. ज्यात काही नाही त्यानं काय व्हायचं? तिचा सगळा पहारा आत येणाऱ्या वस्तूंवर होता: पालक येतोय का, कोबी येतोय का, वाढतंय का काही. घरातून काही वजा होईल याकडे तिनं कधी डोळा ठेवलाच नाही. आणि पालेभाजी तिनंच बंद केल्यामुळे म्हाताऱ्याच्या पोटात जे काही के जात होतं ते जवळजवळ सगळं त्या सोयाबीनच्या तेलातून जात होतं. तेवढाच एक दोर गोळीला धरून होता, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं कापला.

आधी वडिलांच्या दंडावर निळे डाग दिसले. "कुठं आपटलात?" वहिनीनं विचारलं. "मला काय आठवतं," ते म्हणाले. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, ते त्यांनी कुणाला सांगितलंच नाही, ब्रश बदलला. आणि एका सकाळी न्हाणीघरात पाय घसरून ते पडले. पडणं तसं साधं होतं. एरवी टेंगूळ आलं असतं. पण रक्त थांबायचं विसरलं होतं, आणि ते डोक्यात आत साचत गेलं. दुपारपर्यंत त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली.

इस्पितळात पोचल्या पोचल्या त्यांना रक्त गोठवणारं इंजेक्शन दिलं. जीवनसत्त्व के. अंधारबाई शेजारीच उभी होती. कुपीतलं पिवळसर औषध सुईत चढताना तिनं पाहिलं आणि तिला हायसं वाटलं, आपलं माणूस भेटावं तसं.

डॉक्टर बाहेर आले. "रक्त फार पातळ झालं होतं. गोळी जास्त गेली असणार. वयस्कर माणसांत होतं असं, एकदा दिलेली विसरून पुन्हा देतात. घरी गोळी कोण देतं?"

दादानं बायकोकडे पाहिलं. बस, तिथंच निकाल लागला. त्याची चौकशी मात्र पुढे चार दिवस चालली, आणि ती वडिलांच्या खाटेशेजारी उभं राहून. ते झोपेत आहेत असं धरून चालला होता तो. डब्यातून गोळी कशी काढतेस? फोन आला होता का मध्ये? कुणी आलं होतं का? वहिनी आधी ठाम होती, मग रडली, मग गोंधळली. शेवटी म्हणाली, "दिली असेन. शेजारीण आली होती त्या दिवशी. आता माझं मलाच सांगता येत नाही." त्यानंतर ती बोलायचीच थांबली. ज्या बाईच्या तोंडाला कुलूप लागत नव्हतं ती भिंतीकडे बघत बसू लागली.

पाचव्या दिवशी वहिनीला खाटेजवळून उठवेना, म्हणून अंधारबाई घरी स्वयंपाकाला गेली. चुलीशी तिचं फारसं नातं नव्हतं. तिनं कढई ठेवली, डबा उचलला, तेल ओतलं. कढईचा काळा तळ तेलातून स्वच्छ दिसत होता, पाणी ओतल्यासारखा. तिचा हात तिथंच थांबला. कढई तापून धुरायला लागली तरी ती डबा धरून उभी होती.

खरं तर तेव्हाच इस्पितळ गाठायचं. पण जन्मभराची सवय वाईट. मोजल्याशिवाय बोलायचं नाही. तिनं त्या डब्यातलं तेल बाटलीत भरलं, प्रयोगशाळेत नेलं, पडदे ओढले आणि पिवळ्या दिव्याखाली बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली, कारण एकदा मोजलेलं खरं मानायचं नाही हेही तिनंच पोरांना शिकवलं होतं. दोन्ही वेळा कागदावर सरळ रेघ आली. के नाहीच. हे तिला कढई बघूनच कळलं होतं. ती मोजत नव्हती, वेळ काढत होती. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती दादाची नव्हती. वडिलांचं तोंड तिला दिसत होतं.

मग मात्र ती इस्पितळात गेली. वहिनीला जिन्याखालच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. तेल, गोळी, सगळं. कुठं न थांबता, अगदी व्याख्यानासारखं, कारण दुसऱ्या कसल्या भाषेत सांगायचं ते तिला येतच नव्हतं.

वहिनी ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"परवा."

"परवा." वहिनी मान हलवत राहिली. "परवा यांनी मला तुमच्या मागोमाग घरी धाडलं, आणि मी कपाटापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत सगळं उलटं केलं, वन्सं. गोळ्यांची रिकामी पाकिटं मिळतात का बघत होते. जमिनीवर बसले होते मी. तुम्ही मला ओलांडून बाहेर गेलात. हातात बाटली होती तुमच्या."

अंधारबाई तिच्या शेजारी बसली. "माझी चूक झाली," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून फारसे निघाले नव्हते, आणि आता निघाले तेही खूप अपुरे होते.

"यांना सांगा," वहिनी म्हणाली. "मला सांगून काय होणार?"

दादाला सांगितलं. तो ऐकता ऐकता हसला, म्हणजे दुखावलेला माणूस हसतो तसा. "तू तिला पाठीशी घालतेस. तुमचं दोघींचं आहेच गूळपीठ. अगं, तेलानं माणूस पडतो का? तेच तेल मी खाल्लं, तू खाल्लंस. मला एक थेंब रक्त आलं?"

"तू गोळी घेत नाहीस, दादा."

"तेच तर म्हणतोय मी. गोळीच जास्त गेली."

तिनं त्याला डॉक्टरांसमोर नेलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, तिच्या कामाबद्दल आदरानं दोन शब्द बोलले, आणि म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही. पण आता सांगणं अवघड आहे. आल्या आल्या आपण के दिलंय, त्यामुळे रक्त तपासूनही काही कळायचं नाही. आणि डोस चुकणं हे जास्त नेहमीचं कारण आहे." शक्यता नाकारता येत नाही. तिनं स्वतः हे वाक्य किती ठिकाणी लिहिलं होतं. लिहिताना तिला ते प्रामाणिक वाटायचं. दादानं त्यातलं त्याला हवं ते उचललं आणि विषय मिटवला.

वडील घरी आले. उजवा हात मांडीवर पडून राहायचा, शब्द तोंडातून तुटक यायचे. डॉक्टरांनी काही दिवस थांबवलेली गोळी पुन्हा सुरू केली, कमी करून. ती चुकली तर झडपेवर गुठळी धरेल, हे त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं. ते कोरं तेल अंधारबाईनं स्वतः मोरीत ओतलं, सोयाबीनचं आणलं, आता आठवड्याला रक्त तपासायचं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी दिवे लागले तशी वहिनी नेहमीसारखी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आली. म्हाताऱ्यानं तळहातावरच्या गोळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि ओठ घट्ट मिटून मान भिंतीकडे वळवली.

"बाबा, एकच आहे हो. बघा ना, एकच," वहिनी म्हणाली.

ते वळेनात. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मुलाची सगळी चौकशी ऐकली होती. वहिनी तशीच उभी राहिली. मग तिनं जिन्याकडे तोंड करून हाक मारली, आणि त्या हाकेत चिडवणं औषधालाही नव्हतं.

अंधारबाई खाली आली. काय झालंय ते तिला सांगावं लागलं नाही. ती वडिलांच्या समोर जमिनीवर बसली, त्यांचा डावा हात हातात घेतला. "बाबा, माझ्याकडे बघा. वहिनीनं काही केलेलं नाही. तेल मी आणलं होतं. माझ्या तेलानं झालं हे. मी केलं. कळतंय का तुम्हाला?"

त्यांना कळलं असं वाटलं. बराच वेळ ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग डावा हात सोडवून घेऊन त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला. "गुणाची... माझी," ते म्हणाले. "दुसऱ्याचं... स्वतःवर घेते."

"नाही हो, बाबा."

त्यांनी तिच्यापुढे हात पसरला. गोळीसाठी.

"मी देणार नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "वहिनी देईल. इतकी वर्षं तीच देत आली. तिच्या हातून घ्या."

म्हाताऱ्याचे ओठ पुन्हा मिटले. हात मात्र लेकीपुढे तसाच पसरलेला. बाहेर अंधारून आलं. अंधारबाई हात मांडीवर बांधून बसली होती. ती हट्टाला पेटली की जगात कुणाला बधत नसे, आणि या खेपेला तिचा हट्ट खरा होता.

वहिनी वाकली. तिनं नणंदेचा हात मांडीवरून ओढून उघडला, गोळी त्यात ठेवली, आणि पाण्याचा पेला शेजारी टेकवला.

"द्या, वन्सं," ती म्हणाली. "उशीर होतोय त्यांना."

तिनं दिली. वडिलांनी गोळीकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकीकडे बघत त्यांनी ती तोंडात टाकली आणि गिळली.